दर फेऱ्याला नवी टोपली

लिलोंग्वे, एरिया पंचवीस
४ जून २०२३

प्रिय मामा,

ब्लेसिंग्ज उद्या सकाळी मिनीबस घेऊन सलिमा शहराकडे निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. तुम्हाला फोन करण्यात अर्थ नाही हे आपल्या अख्ख्या गोताला ठाऊक आहे. बॅटरी वाचावी म्हणून फोन बंद करून कपाटात ठेवणारे तुम्ही मलावीत एकटेच असाल.

तर बातमी अशी, की लुसुंगूच्या घरून होकार आला. २२ जुलै, शनिवार, आपल्याच अंगणात चिन्खोस्वेच्या विधीने लग्न. ती उत्तरेकडची माणसं, रुम्फीहून येणार, शिस्तीत येणार आणि सगळं बघणार. आणि माझ्या बाजूने चटईवर बसून बोलणारा न्खोस्वे म्हणून मला तुम्ही हवे आहात. नुसतं त्या दिवसापुरतं नाही हं. पुढे जन्मभर आमची भांडणं तुमच्याच दारात येणार, आणि निवाडा तुम्हीच द्यायचा.

आता खरं सांगते, आईला हे फारसं पटलेलं नाही. ती म्हणते, "लिंबानी माझा सख्खा भाऊ आहे, माणूस सोन्याचा आहे, पण साठ वर्षांत ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी ऐकले नाहीत. जो स्वतःची चूक बघू शकत नाही तो तुमच्या चुकांचा काय निवाडा करणार?" आणि मग घंटेची गोष्ट. तुम्ही हेडमास्तर असताना तुमचं घड्याळ तासभर पुढे गेलं, तुम्ही तासभर आधी घंटा दिलीत, आणि कुणी सांगायला आलं तर कबूल करण्याऐवजी आठवडाभर सगळी शाळा त्याच वेळेवर चालवलीत! गावात अजून कुणी लवकर आलं की "मामांच्या वेळेने आलास का" म्हणतात.

मी आईला म्हटलं, ते काही असो, न्खोस्वे माझा मामाच. आता माझी लाज तुमच्या हातात आहे.

जावास्क्रिप्ट कुठवर आलं? गेल्या पत्रात लूप जमला म्हणाला होतात. निवृत्तीनंतर लोक कोबी लावतात, आमच्या मामांनी ॲरे लावले. ऑफिसात सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

तुमची,
तियामिके

*

म्फुंझी
११ जून

चि. तियामिके,

या कागदाच्या मागे इयत्ता पाचवीचा भूगोल आहे. तो वाचू नकोस, त्या मुलाने सगळी उत्तरं चुकीची लिहिली आहेत. पण मागची बाजू कोरी होती, ती का वाया घालवायची?

न्खोस्वे होण्याचं मी मान्य केलं आहे. तुझ्या आईला सांग, घड्याळ बिघडलं होतं, मी बिघडलो नव्हतो.

आता कामाचं. पंगतीला अकरा गावांतून बायका येणार. कुणी सरपण आणायचं, कुणी मक्याचं पीठ, कुणी हंडे, कुणी पाणी, कुणी कोरड्यासाला मासळी. हे आजवर माई फालेसी ठरवत आली. चर्चच्या महिला मंडळाची ती प्रमुख, तीस वर्षं दारोदार फिरते आणि तोंडी सांगते. तिची आठवण दांडगी आहे हे मी नाकारत नाही. पण या वेळी रुम्फीची माणसं येणार. म्हणून मी जाहीर केलं, की यादी कॉम्प्युटर करील. माई म्हणाली, "कर बाबा. कॉम्प्युटरला मक्याच्या पिठाचा न्सिमा ढवळता येतो का तेवढं विचार."

वाचनालयाचा कॉम्प्युटर सौरपट्ट्यांवर चालतो, म्हणजे दहा ते तीन, ढग नसतील तर. चार दिवस बसलो. बाहेरचा मोठा ॲरे म्हणजे सगळी पंगत. त्याच्या आत अकरा लहान ॲरे, एकेका गावाचा एकेक. लूप गावागावाने फिरतो, त्या गावाच्या वस्तू लहान ॲरेत टाकतो, आणि तो लहान ॲरे मोठ्यात ठेवतो. माझ्या मते यात काही खोट नाही.

पण छापून बघतो तर प्रत्येक गावाला सगळ्याच वस्तू! पहिल्याच गावाला अकरा गावांचं सरपण, पीठ, हंडे, मासळी, आणि वर कोंबडी. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्यालाही तेच. असं कळवलं असतं तर एकेक गाव उठून मोझांबिकला गेलं असतं.

प्रोग्राम हाताने उतरवून सोबत जोडला आहे. कंस मोजून घे, मी दोनदा मोजले आहेत. कॉम्प्युटरमध्ये काही दोष असावा असं वाटतं.

तुझा मामा,
लिंबानी

*

लिलोंग्वे
१५ जून

प्रिय मामा,

कॉम्प्युटर निर्दोष आहे. तुमचे कंससुद्धा. (मीही दोनदा मोजले. आणि भूगोलही वाचला. ‘मलावी तळ्यात पाणी कुठून येते?’ याला पोराने ‘वरून’ असं लिहिलंय. यात चूक काय?)

तुमची घोटाळ्याची ओळ एकच आहे, ती लूपच्या वर बसली आहे. लहान ॲरे म्हणजे टोपली समजा. तुम्ही लूप सुरू होण्याआधी एक टोपली घेतलीत. पहिला फेरा: पहिल्या गावाचं सामान टोपलीत घातलं आणि वहीत लिहिलं, ‘ही पहिल्या गावाची टोपली.’ दुसरा फेरा: दुसऱ्या गावाचं सामान त्याच टोपलीत, आणि वहीत, ‘ही दुसऱ्या गावाची टोपली.’ असं अकरा वेळा. मोठा ॲरे सामानाची नक्कल करून ठेवत नाही हो, तो फक्त एवढंच लक्षात ठेवतो, की कुठली टोपली. शेवटी वहीत नावं अकरा, पण टोपली सगळ्यांची एकच, काठोकाठ भरलेली.

उपाय सोपा आहे. ती टोपली घेण्याची ओळ लूपच्या आत न्या. दर फेऱ्याला नवी टोपली. बस्स.

हे सगळ्यांचं होतं, मामा. माझं पहिल्या वर्षी झालं होतं. एका दवाखान्याच्या वेबसाइटच्या पानावर आठवड्याचे सातही दिवस एकाच डॉक्टरच्या नावावर लागले होते, आणि तो बिचारा रजेवर होता. मी दोन दिवस पडद्याकडे बघून रडले आणि मग शेजारच्या टेबलावरच्या पोराला विचारलं. त्यानेही असंच टोपलीचं सांगितलं. विचारायला काही लागत नाही.

लुसुंगूचे न्खोस्वे म्हणजे त्याचे काका, न्यिरेंडा नावाचे. चाळीस वर्षं बस चालवली त्यांनी. फार कमी बोलतात म्हणे. चटईवर बसलात की तुम्हीच दोघांच्या वाटचं बोलाल, त्यामुळे काळजी नाही.

तुमची,
तियामिके

*

म्फुंझी
९ जुलै

चि. तियामिके,

फत्ते!

तुझं टोपलीचं मला एका वाचनात कळलं. एकतीस वर्षं मास्तरकी केली आहे. फक्त तुझ्या उपायात मी थोडी सुधारणा केली. दर फेऱ्याला नवी टोपली कशाला? असली उधळपट्टी लिलोंग्वेत चालत असेल. मी जुनीच ठेवली आणि प्रत्येक फेऱ्याच्या सुरुवातीला ती रिकामी केली. लांबी शून्य. सामान गेलं, टोपली मोकळी, पुढच्या गावाला तयार. एका टोपलीत अकरा गावं भागवली. तुझ्या ऑफिसात कुणाला हे सुचलं असतं का, ते विचार.

आणि मी आंधळेपणाने काही केलेलं नाही. लूप फिरताना प्रत्येक गाव पडद्यावर दाखव असं सांगून ठेवलं होतं. एकेक गाव समोरून गेलं, प्रत्येकाचं सामान बरोबर. अकराच्या अकरा. मग फाइल सलिमातल्या छपाईवाल्याकडे दिली. त्याने चिठ्ठ्या छापल्या, पाकिटात घातल्या, वर गावांची नावं चिकटवली, आणि बंद पाकिटं सायकलवाल्यांबरोबर परवा रवाना झाली.

प्रत्येक चिठ्ठीखाली मी एक सूचना घातली आहे: ‘शेजाऱ्याच्या कागदात डोकावू नये.’ गावागावांत तुलना सुरू झाली की कुरबुरी होतात, हा शाळेतला अनुभव.

गावं पटसंख्येप्रमाणे लावली, मोठं आधी. शेवटचं म्पासा, तीन घरांचं. त्या बिचाऱ्यांकडून काय मागायचं? म्हणून त्यांना फक्त एक काम दिलं: विधीची कोंबडी. एक, जिवंत, पांढरीशुभ्र. लुसुंगूची माणसं कोंबडा आणतील, आपण कोंबडी द्यायची, आणि जे गाव कोंबडी आणील त्याच्या बायका चटईवर पुढे बसतील. लहान गावाला मोठा मान. तिथली म्हातारी एनेलेसी खूश होईल.

माई फालेसी रस्त्यात भेटली. "झाली का यादी?" म्हणाली. मी म्हटलं, "झाली आणि पोचलीसुद्धा. तू या वर्षी बसून थोब्वा पी."

तुझा मामा (आणि न्खोस्वे),
लिंबानी

*

लिलोंग्वे
१९ जुलै, बुधवार
(हे पत्र टाकलं नाही)

मामा, मामा, मामा!

दहा दिवस ऑफिसच्या कामाला म्झुझूला गेले होते. आज परत आले तर तुमचं पत्र दाराखाली. उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच बसले.

अहो, टोपली रिकामी केलीत, पण टोपली तीच ना! वहीत अकरा गावांपुढे तीच एक टोपली लिहिलेली आहे. दुसऱ्या गावासाठी ती ओतलीत तेव्हा पहिल्या गावाचीही ओतली गेली, कारण पहिल्या गावाला दुसरी टोपली होतीच कुठे? फेऱ्याफेऱ्याने बघितलंत तेव्हा बरोबरच दिसणार, त्या क्षणी त्या टोपलीत तेच होतं. पण लूप संपल्यावर टोपलीत काय उरलं? शेवटच्या गावाचं. म्हणजे अकराही पाकिटांवर नाव वेगळं आणि आत एकच मजकूर: एक कोंबडी, जिवंत, पांढरीशुभ्र.

शनिवारी आपल्या अंगणात अकरा कोंबड्या येणार आहेत. सरपण नाही, पीठ नाही, हंडे नाहीत, पाणी नाही. आणि वर तुम्हीच लिहून ठेवलंत की शेजाऱ्याच्या कागदात डोकावू नये, त्यामुळे कुणी कुणाला विचारलंही नसेल! आणि अकराही गावांना वाटणार, मान आपला, पुढे आपण बसायचं.

रुम्फीची सत्तर माणसं उपाशी बसणार आणि न्यिरेंडाकाका बघत राहणार. आणि आई म्हणेल

नाही. हे नाही टाकत. तुम्ही हे वाचून काय कराल ते मला दिसतंय. तुम्ही म्हणाल कोंबड्याच मागवायच्या होत्या.

*

लिलोंग्वे
१९ जुलै

प्रिय मामा,

पत्र मिळालं. छान झालं सगळं.
इकडे सर्व ठीक. झगा शिवून आला.
शुक्रवारी पोचते.
तब्येतीला जपा.

तियामिके

*

लिलोंग्वे
२६ जुलै

प्रिय मामा,

झालं एकदाचं! लुसुंगूचं माणूस म्हणून कुणी उपाशी गेलं नाही, उलट त्याच्या मावशीने दुसऱ्यांदा न्सिमा मागून घेतला, आणि ती मावशी स्वतःच्या घरीसुद्धा दुसऱ्यांदा घेत नाही म्हणे.

पण मामा, नवरीला घरात कोंडून ठेवायची ही चाल कुणी काढली? तुम्ही सगळे बाहेर चटईवर, आणि मी आत तीन मैत्रिणींबरोबर डोक्यावरून कापड घेऊन, घामाघूम. मला नुसते आवाज. आधी कोंबड्यांचा कलकलाट. मग बायकांची वादावादी. मग एकदम चिडीचूप, इतकं की मला वाटलं लग्न मोडलं. आणि मग माई फालेसीची ती लांबलचक किलकारी, आणि मागोमाग सगळं अंगण हसत सुटलं. मला बाहेर आणलं तेव्हा आई पदराने डोळे पुसत होती आणि न्यिरेंडाकाकांची टोपी जमिनीवर पडली होती. कुणी धड सांगत नाही. लुसुंगू म्हणतो, तुझे मामा भारी आहेत. आई म्हणते, त्यालाच विचार. म्हणून तुम्हाला विचारते.

आणि आता एक कबुली. त्या बुधवारी तुमचं पत्र वाचून मला घोटाळा कळला होता. मी तुम्हाला चार ओळी लिहिल्या आणि आईला फोन केला. आई तशीच माई फालेसीकडे गेली, आणि माईने गुरुवारी-शुक्रवारी अकरा गावं पालथी घालून सगळ्यांना तोंडी सांगितलं, की चिठ्ठीत आहे ते आणाच, शिवाय नेहमीचंही आणा. पीठ, सरपण, हंडे आले ते असे. तुम्हाला कळू नये म्हणून आम्ही तिघींनी शपथ घेतली होती. तुमची मान खाली जाऊ नये एवढंच मनात होतं.

लुसुंगूला हे सांगितलं तर तो चिडला. म्हणाला, "ज्या माणसाला तू आपल्या भांडणांचा न्यायाधीश केलंस त्यालाच खरं सांगायला घाबरलीस? मग माझ्याशी भांडण झालं की काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, मोठ्या माणसाची चूक त्याच्या तोंडावर काढायची नसते, आमच्याकडे पद्धत आहे. तो म्हणाला, चूक लपवायची हीसुद्धा पद्धत आहे का? दोन दिवस बोलणं बंद होतं.

तर न्खोस्वे महाराज, हे आमचं पहिलं भांडण. द्या निवाडा.

तुमची,
तियामिके

*

म्फुंझी
२ ऑगस्ट

चि. तियामिके,

क्रमाने सांगतो, म्हणजे कुणी अर्ध्यातून हसू नये.

मंगळवारी, म्हणजे १८ तारखेला, मी वाचनालयात गेलो. चिठ्ठ्यांची एक प्रत माझ्यासाठी छापून घ्यावी, पुढच्या पिढीला दाखवायला, एवढाच हेतू. पहिलं पान आलं: एक कोंबडी. मला वाटलं शेवटचं पान आधी आलं. दुसरं पान: एक कोंबडी. तिसरं आलं तेव्हा मी खुर्चीवर बसलो. अकरावं येईपर्यंत मला तुझी टोपली पुरती समजली होती. पोरी, तू ‘नवी’ म्हणालीस. ‘रिकामी’ म्हणाली नव्हतीस. पाचवीच्या पोराला मी याच चुकीला शून्य दिलं असतं.

पहिला विचार कोणता आला तेही सांगतो, आता लपवून काय करायचं? छपाईवाल्याचं नाव घ्यावं. दुसरा, सौरपट्ट्यांचं. तिसरा, गावोगाव कळवावं की अकरा कोंबड्याच हव्या होत्या, नवी पद्धत आहे. हा तिसरा मला बराच वेळ आवडला.

मग तुझ्या आईचे शब्द आठवले. तू मला जन्मभराचा निवाडा करायला बसवलं आहेस. मी उठलो आणि माई फालेसीकडे गेलो.

ती उसिपा वाळत घालत होती. मी म्हटलं, "माई, यादीत थोडी गडबड झाली आहे." ती म्हणाली, "कुणाची?" मी म्हटलं, "यादीची." ती मासे पसरत राहिली. "यादी कुणी केली?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरने." ती म्हणाली, "मग कॉम्प्युटरला पाठव ना. मी त्याच्याशी बोलते." मी फाटकापर्यंत गेलो. परत आलो. म्हटलं, "माई, माझं चुकलं." ती म्हणाली, "ऐकू येत नाही, वारा आहे." वारा अजिबात नव्हता. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा तिने हात पुसले आणि मला बसायला बाक दिलं.

म्हणजे तुझा आईला फोन आला त्याच्या आदल्याच दिवशी माईला सगळं कळलं होतं आणि तिच्या तोंडी अकरा गावांची नावं होती. तुझी आई बुधवारी धावत गेली तेव्हा माईने "असं का, अरेरे" म्हणून गालाला हात लावला आणि तिच्याकडून शपथ घेतली. माझ्याकडूनही घेतली होती. बाई पोटात किती ठेवते याला मर्यादा नाही. मी तिला म्हटलं होतं, की हे तियामिकेला कळू नये. त्यावर ती म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, मास्तर. आणि तुझी तर अकरा आहेत."

कोंबड्या नकोत असं कळवू का, असंही तिने विचारलं. मी नको म्हटलं. एकदा दिलेला मान कसा परत मागणार?

गुरुवारी तुझं पत्र आलं. चार ओळी. जी मुलगी पाचवीच्या भूगोलावर चार ओळी लिहिते तिने स्वतःच्या चिन्खोस्वेवर चार ओळी लिहिल्या, तेव्हाच मी ओळखलं की हिला कळलं आहे. तू माझी लाज राखत होतीस आणि मला ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता शनिवार. न्यिरेंडा चटईवर बसले, कोंबडा मांडीवर. त्यांच्याकडे लग्नात गाई द्यायच्या असतात, कोंबड्या नाहीत, त्यामुळे ते त्याला बसच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी धरून होते. आणि आपल्या बाजूने अकरा गावांच्या अकरा बायका अकरा पांढऱ्या कोंबड्या घेऊन एकदमच पुढे आल्या. चटई लहान. "सर की जरा." "मी का सरू? चिठ्ठी माझ्याकडे आहे." "चिठ्ठी माझ्याकडेही आहे." "तू डोकावलीस माझ्या कागदात!" म्हातारी एनेलेसी सगळ्यांच्या मागे राहिली, तिच्या कोंबडीला धरून. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण खरी चिठ्ठी तिची होती.

न्यिरेंडा म्हणाले, "गुरुजी, यातली तुमची कुठली?" सबंध दिवसातलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

अंगण गप्प झालं. तू आतून ऐकलंस ती चिडीचूप हीच. छपाईवाला समोरच बसला होता, थोब्व्याचा पेला हातात घेऊन. त्याच्याकडे माझी नजर गेली, हे कबूल करतो. तुझी आई जमिनीकडे बघत होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पाव्हणं, यादी मी केली आणि चूक माझी आहे. एकाच गावाला मान द्यायचा होता, मी अकरांना दिला. माझं चुकलं. पण या बायकांचं काही चुकलं नाही, म्हणून यातली एकही परत पाठवायची माझी हिंमत नाही."

तेव्हा माई फालेसीने किलकारी दिली. लग्नात नवरीला देतात तशी. मला! आणि तुझी आई हसायला लागली, ती थांबेचना. मग सगळेच.

त्या गडबडीत न्यिरेंडांचे हात सैल झाले. कोंबडा उडाला, त्यांची टोपी घेऊन, आणि थेट बायकांमध्ये. बायका किंचाळल्या, कोंबड्या सुटल्या, आणि अंगणभर अकरा पांढऱ्या कोंबड्या एक झाल्या. आता कुठली कुणाची? सगळ्या पांढऱ्याशुभ्र. सूचना मीच दिली होती. कोंबडा मधोमध उभा राहून छाती फुगवतो आहे तेवढ्यात एकीने त्याच्या डोक्यावर सणसणीत चोच मारली. तो दोन पावलं मागे गेला आणि मान खाली घातली.

न्यिरेंडा म्हणाले, "हीच. आमच्या पोराला हीच पाहिजे."

हे त्यांचं दुसरं वाक्य. मी वाकून ती कोंबडी उचलली आणि त्यांच्या हातात दिली, त्यांनी मला कोंबडा दिला, आणि विधी झाला. अकरा बायकांनी एकदम टाळ्या वाजवल्या, कारण अकराजणींना खात्री होती की ती आपलीच. अजूनही आहे. परवा बाजारात मोठ्या गावची बाई सांगत होती, "तियामिकेच्या लग्नाची कोंबडी आमची." दहा पावलांवर एनेलेसी तेच सांगत होती, दात नसलेल्या तोंडाने हसत. नावं अकरा, कोंबडी एक. जी चूक मी प्रोग्राममध्ये केली तीच आता अकरा गावं आनंदाने करत आहेत, आणि मी कुणालाही दुरुस्त करणार नाही.

उरलेल्या दहा तुझ्या आईच्या अंगणात आहेत, कोंबड्यासकट. तो उत्तरेकडचा आहे, पण रुळला आहे.

आता निवाडा. न्खोस्वे म्हणून देतो, मामा म्हणून नव्हे. लुसुंगूचं बरोबर आहे. तू मला सरळ सांगायला हवं होतंस. माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू लपवलंस, पण मान खाली घालता न येणाऱ्या माणसाकडे भांडण घेऊन यायचंच कशाला? तेव्हा तू त्याला म्हण, ‘माझं चुकलं.’ सोपं आहे. पहिल्यांदा घशात अडकतं, दुसऱ्यांदा वाऱ्याचं निमित्त होतं, तिसऱ्यांदा लोक किलकाऱ्या देतात. आणि लुसुंगूला सांग, दोन दिवस अबोला धरला हे त्याचं चुकलं. त्यानेही म्हणावं. आधी कुणी म्हणायचं यावर भांडलात तर तो वेगळा खटला, त्याला वेगळं पत्र लिहा.

तुझं न टाकलेलं पत्र असेल तर ते मला पाठव. असणारच. तू कागद न खरडता चार ओळींवर थांबणारी नव्हेस.

प्रोग्राम दुरुस्त केला आहे. ती ओळ लूपच्या आत नेली. दर फेऱ्याला नवी टोपली. अकरा गावांना अकरा वेगळ्या चिठ्ठ्या आल्या, मी त्या लूप संपल्यावर तपासल्या, आणि माई फालेसीला वाचून दाखवल्या. तिने दोन चुका काढल्या. त्या तिच्या आठवणीच्या होत्या असं मला वाटलं होतं. माझ्या निघाल्या.

कागद उलटून बघशील, म्हणून आधीच सांगतो. मागे भूगोल नाही. दुकानातून नवा कोरा कागद आणला आहे. तुझ्या आईला दाखव.

तुझा मामा,
लिंबानी